हव्या त्या गुणाचं जनुक सापडल्यावरही गव्हा-भाताचा नवा वाण यायला दहा-बारा वर्षं का लागतात?

तुमचा प्रश्न असा आहे: रोगप्रतिकारक जनुक सापडल्याची बातमी येते, मग पुढच्याच हंगामात तसं बियाणं का मिळत नाही? आणि आता जनुक संपादन (पिकाच्या स्वतःच्या डीएनएत नेमक्या जागी बदल करणं) आलंय, तर हा वेळ वाचणार का? गव्हाच्या पैदाशीचं काम रोज करते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

मुळात जनुक माहीत नसणं ही आमची मुख्य अडचण कधीच नव्हती. जपानमध्ये १९३५ साली 'नोरिन १०' नावाचा बुटका गहू आला. १९४६ मध्ये त्याचं बियाणं अमेरिकेत पोचलं. तिथे गहू पैदासकार ऑरव्हिल व्होगेल यांनी आणि पुढे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी त्याचा संकर करून बुटके, भरपूर खत पेलणारे वाण काढले. आधीचा उंच गहू जास्त नत्र दिलं की ओंबीच्या भाराने लोळायचा. १९६० च्या दशकात हे बुटके वाण देशोदेशी पसरले, १९७० साली बोरलॉग यांना नोबेल मिळालं. आणि हा बुटकेपणा नेमक्या कुठल्या जनुकातल्या बदलामुळे येतो, ते उलगडलं १९९९ मध्ये! म्हणजे जनुकाची ओळख पटण्याआधी तीसेक वर्षं लोक त्या गव्हाची पोळी खातच होते.

मग वेळ जातो कुठे? आधी संकर. गव्हाच्या फुलात नर-मादी दोन्ही एकत्र, त्यामुळे ते स्वतःचं स्वतःच फळतं. ते होऊ द्यायचं नसेल तर ओंबी नुकती बाहेर पडत असतानाच तिला गाठावं लागतं. वरची-खालची कणिशकं (ओंबीतले फुलांचे छोटे झुपके) काढून टाकायची, उरलेल्यांमधली मधली फुलं खुडायची, तुसांची टोकं कात्रीने छाटायची आणि प्रत्येक फुलातून तीन परागकोष चिमट्याने उचलायचे. ते हिरवे असतानाच निघाले पाहिजेत. पिवळे दिसले की पराग सुटायच्या बेतात आहे असं समजायचं आणि ती ओंबी सोडून द्यायची. मग बटर पेपरची पिशवी, तिच्यावर तारीख. दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी फुलते, तेव्हा दुसऱ्या वाणाची पिकली ओंबी आणून तिचा पराग आत झटकायचा आणि पुन्हा पिशवी बांधायची. एवढं करून हाती येतात मोजके सुरकुतलेले दाणे.

पहिल्या पिढीची झाडं सगळी सारखी दिसतात. खरा गोंधळ दुसऱ्या पिढीत. हजारो झाडं आणि प्रत्येक वेगळं. स्वपरागणाने दर पिढीत मिश्रपणा (एकाच झाडात एका जनुकाची दोन वेगळी रूपं असणं) निम्मा होतो: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, मग २५, १२.५ असं करत सहाव्या पिढीला साधारण ३ टक्के. तेवढं स्थिर झाल्याशिवाय त्याला वाण म्हणता येत नाही, कारण शेतकऱ्याने राखलेलं बी पुढच्या वर्षी भलतंच निघेल.

या सगळ्या पिढ्यांत आमचं मुख्य काम म्हणजे फेकणं. उंची, तांबेरा, पक्वतेचा काळ या गोष्टी एका झाडावरून कळतात. उत्पादन मात्र कळत नाही. ओळीच्या टोकाचं झाड मोकळी जागा आणि ऊन जास्त मिळतं म्हणून डेरेदार होतं. त्याला भुललात तर दोन हंगाम वाया. उत्पादन मोजायला वाफे लागतात, वाफ्याला पुरेसं बी लागतं आणि ते बी चार-पाच पिढ्यांनंतरच जमतं. पावाची किंवा पोळीची प्रत तपासायला पीठ लागतं, म्हणून ती तपासणी त्याहूनही उशिरा. सगळ्यात देखणी ओळ (म्हणजे एका निवडलेल्या झाडाची पुढची संतती) तिथे नापास झाली की जे काही होतं, ते इथे लिहीत नाही.

जनुक आधीच माहीत असेल तर हे कमी होतं का? होतं, पण बातमीत वाटतं तेवढं नाही. भातातलं सब१ हे पुरात तग धरायला लावणारं जनुक घ्या. ओडिशातल्या 'एफआर१३ए' या जुन्या भाताला दोन आठवडे पाण्याखाली राहणं जमतं. पाण्यात बुडाल्यावर तो उंच होण्याची धडपड थांबवतो आणि साठवलेली ऊर्जा पूर ओसरेपर्यंत जपून ठेवतो. हा गुण नवव्या गुणसूत्रावर आहे हे १९९६ मध्ये कळलं, जनुक २००६ मध्ये हाती आलं, आणि 'स्वर्णा' या लोकप्रिय भातात ते घालून केलेला 'स्वर्णा-सब१' भारतात प्रसारित झाला २००९ मध्ये. एफआर१३ए मधलं फक्त जनुक हवं, त्याचं कमी उत्पादन नको, म्हणून संकरित झाडांचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर केला. एका अशा संकराने सरासरी ७५ टक्के स्वर्णा परत येतो, दुसऱ्याने ८७.५. पण जनुकाच्या आजूबाजूचा तुकडा त्याला चिकटूनच येतो. तो दोन्ही बाजूंनी नेमका तुटलेली झाडं डीएनए मार्करने (डीएनएवरच्या ओळखखुणांनी) हुडकावी लागली. मार्कर नसते तर हेच काम कितीतरी लांबलं असतं.

आता संपादनाबद्दल. गव्हात गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ४२ गुणसूत्रं, त्यामुळे बहुतेक जनुकांच्या तीन प्रती. २०१४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी एमएलओ या भुरी रोगाला वाट देणाऱ्या जनुकाच्या तिन्ही प्रती एकदम निकामी केल्या आणि गहू भुरीला दाद देईना. पण झाडांची वाढ खुंटली, पानं लवकर पिवळी पडू लागली. तो दोष नसलेली ओळ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नोरिन १० चंही तसंच: बुटकेपणाबरोबर कोंबाचं आवरण आखूड झालं, त्यामुळे ओलीच्या शोधात खोल पेरलं तर उगवण मार खाते. एका गुणाला हात लावला की दुसरा हलतो, आणि ते शेतातच दिसतं.

पिढ्या मात्र खरोखर पटापट घेता येतात. दिवसाला २२ तास प्रकाश देऊन वसंत गव्हाच्या (फुलायला कडक थंडी न लागणाऱ्या गव्हाच्या) वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत मजल जाते. पण चाचण्या काचघरात होत नाहीत. एखादी ओळ एका ठिकाणी पहिली, दुसरीकडे शेवटून पहिली, हे नेहमीचंच. म्हणून अनेक ठिकाणी, दोन-तीन वर्षं पेरून बघावंच लागतं. पावसाचं वर्ष आणि कोरडं वर्ष लवकर आणायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही.

आणि पास झाल्यावर बियाणं वाढवायचं असतं, हे तर कुणी धरतच नाही. गव्हाचं बी एका हंगामात वीसपट झालं असं धरा. एका किलोचे तीन हंगामांत आठ टन. हेक्टरी शंभर किलो लागले तर पेरणी जेमतेम ८० हेक्टरांची. आधी पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, असं करत ते दुकानात पोचेपर्यंत तुमच्या बातमीला कैक वर्षं झालेली असतात.