ओरेगॅनो हिरवागार आहे, पण वास कुठे गेला?

प्रश्न : बी पेरून लावलेला ओरेगॅनो छान फोफावलाय, पण पान चुरगळलं तरी वास जेमतेम येतो. दर पंधरा दिवसांनी शेणखत घालते. काय चुकतंय?

उत्तर : खत थांबवा. ओरेगॅनोचा वास पानांवरच्या बारीक ग्रंथींमधल्या तेलाचा असतो. त्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल हे मुख्य घटक. पान भिंगाखाली धरलंत तर या ग्रंथी चकाकणाऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतील. नत्र जास्त मिळालं की पानं मोठी, मऊ, पाणीदार होतात आणि वास फिका पडतो. लावताना मातीत मिसळलेलं मूठभर कंपोस्ट बराच काळ पुरतं. त्यापेक्षा कुंडीला रोज किमान सहा तास थेट ऊन मिळतंय ना, ते बघा.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर दोष रोपाचाच आहे. बियांपासून आलेली रोपं एकसारखी निघत नाहीत. साध्या ओरेगॅनोला गुलाबी-जांभळी फुलं येतात आणि वास बेताचा असतो. स्वयंपाकाला हवा तो ग्रीक ओरेगॅनो, पांढऱ्या फुलांचा, लवदार पानांचा. रोप घेताना पान चोळून हुंगा. फवारणी केलेली नसेल तर धुऊन चावूनही पाहा: चांगल्या पानाने जीभ किंचित चुरचुरते.

असं एक रोप मिळालं की पुढे फांद्यांपासूनच वाढवा. फुलं न आलेली ८ ते १० सेंटिमीटरची कोवळी फांदी पेऱ्याच्या जरा खाली कापा, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा आणि वाळू व कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन त्यात खोचा. उजेड हवा, कडक ऊन नको. दोन-तीन आठवड्यांनी हलकेच ओढून बघा. फांदी अडली तर मुळं धरलीत.

प्रश्न : माती ओली असूनही झाड माना टाकतंय. आणखी पाणी घालू का?

उत्तर : मुळीच नको. मुळं कुजताहेत, म्हणून ती पाणी ओढू शकत नाहीत. झाड उपसा, तपकिरी, बुळबुळीत मुळं कापून टाका. दोन भाग माती आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) अशा मिश्रणात पुन्हा लावा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. वरची तीन सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील, तर वरच्या धडधाकट फांद्या खोचून नवी रोपं करणं बरं.

प्रश्न : पानं कधी तोडावीत? तेलात बुडवून ठेवली तर चालतील का?

उत्तर : कळ्या दिसू लागल्या पण उमलल्या नाहीत, तेव्हा वास भरात असतो. सकाळी दव सुकल्यावर फांद्या कापा. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. छोट्या जुड्या सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगा. पान कुरकुरीत होऊन चुरलं की वाळलं. पानं अख्खी साठवा, वापरताना चुरा. ताज्या तीन चमच्यांऐवजी वाळलेला एक चमचा घ्या. वाळलेला ओरेगॅनो शिजताना लवकर घाला, ताजा शेवटी.

ताजी पानं तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात. वासावरून ते कळतही नाही. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.