घरी बिअर करण्याचा कायदा विधिमंडळातून कसा होतो: अलाबामाचा अनुभव आणि महाराष्ट्र

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ सालीच परवानगी मिळाली असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग अलाबामा राज्याला २०१३पर्यंत का थांबावं लागलं, हा पहिला. आणि पुण्यातल्या तुमच्या मंडळींनी महाराष्ट्रात अशीच खटपट करायची ठरवली तर सुरुवात कुठून करावी, हा दुसरा. मी अलाबामातल्या हंट्सव्हिल शहरात राहतो. त्या वर्षांत इथल्या लोकांबरोबर मीही प्रतिनिधींना फोन केले, पत्रं लिहिली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी १९७८चं काय ते बघू. अमेरिकेतली दारूबंदी १९२०मध्ये लागू झाली आणि डिसेंबर १९३३मध्ये उठली. उठताना घरगुती वाइनला सवलत मिळाली, घरगुती बिअर मात्र बाहेरच राहिली. ती चूक सुधारायला पंचेचाळीस वर्षं लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली त्यात कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी घातलेली दुरुस्ती होती. फेब्रुवारी १९७९पासून घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर कर न भरता करता येऊ लागली. अट एकच, विकायची नाही.

पण नीट वाचलंत तर कळेल की हा कायदा कराचा आहे. केंद्राने 'आम्हाला यावर कर नको' एवढंच म्हटलं. घरी बिअर करणं गुन्हा आहे की नाही हे ठरवायचा अधिकार दारूबंदी उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांकडे दिला होता, आणि तो त्यांच्याकडेच राहिला. बहुतेक राज्यांनी पुढेमागे आपापले कायदे जुळवून घेतले. युटाने २००९मध्ये, ओक्लाहोमाने २०१०मध्ये. शेवटी उरली अलाबामा आणि मिसिसिपी. २०१२मध्ये खुद्द व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात मध घालून केलेल्या बिअरची कृती सरकारने जाहीर केली, आणि तीच कृती हंट्सव्हिलच्या घरात करणं तेव्हा बेकायदेशीर होतं.

विरोध कुणाचा होता हे समजून घेतल्याशिवाय अलाबामातलं पुढचं काही कळत नाही. इथे बॅप्टिस्ट चर्चचा समाजावर खोल प्रभाव आहे आणि अनेक काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आजही दारूबंदीच्या आहेत. कलमन हे आमच्या दक्षिणेला असलेलं, जर्मन लोकांनी १८७३मध्ये वसवलेलं गाव. तिथला ऑक्टोबरफेस्ट २०११पर्यंत बिअरशिवाय व्हायचा. त्यामुळे मतदारसंघात दारूच्या बाजूने मत दिलं म्हणून ओळख होणं प्रतिनिधीला परवडत नसे. चर्चशी जोडलेल्या संघटना प्रत्येक विधेयकाला उघड विरोध करायच्या. लहान मुलांच्या हाती दारू लागेल, लोक घरून विकायला लागतील, डोंगरातल्या मूनशाइनचे, म्हणजे चोरून गाळलेल्या दारूचे, दिवस परत येतील, हे त्यांचे मुद्दे होते. मी ते मुद्दे हसण्यावारी नेणाऱ्यांतला नाही. ज्यांच्या घरात दारूने वाटोळं झालेलं असतं त्यांचं भय खरं असतं. त्याला उत्तर द्यायचं तर विधेयकाच्या कलमांतूनच द्यावं लागतं, भाषणाने भागत नाही.

मूनशाइनच्या मुद्द्यावर मात्र निव्वळ माहितीचा अभाव होता. घरी बिअर करणं म्हणजे भट्टी लावणं अशीच बऱ्याच जणांची समजूत होती. समजावताना आम्ही प्रत्यक्ष काय होतं तेच सांगायचो. मोठ्या पातेल्यात माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी तासभर उकळायचं, त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, टाकायची, ते झटपट गार करायचं आणि यीस्ट घालून काचेच्या मोठ्या बरणीत भरायचं. बरणीच्या तोंडाशी पाण्याची एक छोटी नळी असते, एअरलॉक. दुसऱ्या दिवशी त्यातून बुडबुडे यायला लागतात, आठवड्याभरात मंदावतात. बाटल्या भरल्यावर आणखी दोन आठवडे थांबायचं. यात कुठेही वाफ धरून दारू गाळायची पायरी नाही. गाळणं हा केंद्राच्या कायद्यानेच वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे, आणि त्याला हात लावायची मागणी कुणीच केलेली नव्हती. एवढं नीट सांगितलं की समोरच्याचा आवाज खाली यायचा, हे मी पाहिलं आहे.

आणखी एक अडचण अशी की समितीसमोर उभं राहून 'हा माझा छंद आहे' म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुलीच. त्यामुळे छंद असलेले पुष्कळ जण सुरुवातीला नाव द्यायलाही घाबरायचे. २०१२च्या सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅममधल्या एका दुकानावर राज्याच्या मद्य नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी धाड घातली आणि घरी बिअर करण्याचं सामान जप्त केलं. बादल्या, नळ्या, बरण्या असलं सगळं. वर्षानुवर्षं कुणाला न दिसलेला कायदा त्या दिवशी सगळ्यांना दिसला. माझ्या मते पुढच्या सेशनमध्ये विधेयकाला जो जोर आला त्यात या जप्तीचा वाटा मोठा होता. जो कायदा कुणावर चालवलाच जात नाही तो बदलायची घाई कुठल्याच आमदाराला नसते.

आता विधिमंडळाचं. बाहेरून वाटतं की विधेयक मतदानात पडतं. अलाबामात ते बहुतेक वेळा पडत नाही, राहून जातं. इथलं नियमित सेशन १०५ दिवसांत संपवायचं असतं आणि त्यात कामकाजाचे दिवस जास्तीत जास्त ३०. हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, १०५ सदस्य, सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ३५. शिवाय राज्याच्या घटनेत अशी तरतूद आहे की अंदाजपत्रकं मंजूर होईपर्यंत दुसरं कुठलंही विधेयक संमत करायचं तर आधी एक वेगळा ठराव तीन पंचमांश मतांनी मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे साधं बहुमत हाताशी असूनही विधेयक अडू शकतं. त्यातून सुटलं तर रोजच्या कामकाजपत्रिकेत वरचा क्रमांक मिळाला पाहिजे. विरोधकाला 'नाही' म्हणायचीही गरज नसते. दुसऱ्याच विषयावर लांबलचक बोलत राहिलं तरी शेवटचा दिवस उलटतो आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. घरगुती बिअरचं विधेयक असंच वर्षामागून वर्षं मागे पडत राहिलं.

ते शेवटी निघालं त्याला पूर्वतयारी होती. 'फ्री द हॉप्स' या नागरिकांच्या संघटनेने २००९मध्ये बिअरमधल्या अल्कोहोलची मर्यादा ६ टक्क्यांवरून १३.९ टक्क्यांवर आणणारा कायदा करून घेतला होता. त्या कायद्यानंतर आभाळ कोसळलं नाही, हे प्रतिनिधींनी डोळ्यांनी पाहिलं. घरगुती बिअरसाठी 'राइट टू ब्रू' हा वेगळा गट उभा राहिला, हे शहाणपणाचं झालं. बार, ब्रुअरी, वितरक यांच्या मागण्या त्यात मिसळल्या नाहीत. पैशाचा संबंध नसलेली, फक्त घरापुरती मागणी असली की तिच्यावर संशय घेणं कठीण जातं.

विधेयक मांडणारा माणूसही महत्त्वाचा ठरला. हाउसमध्ये ते मॅक मॅककचन यांनी मांडलं. आमच्याच भागातले रिपब्लिकन, हंट्सव्हिल पोलिसांतून निवृत्त झालेले, पुढे हाउसचे सभापतीही झाले. सिनेटमध्ये मॅडिसनचे बिल होल्टझक्लॉ यांनी बाजू लावून धरली. ज्याच्याकडे पाहून 'हा दारूवाल्यांचा माणूस' असं कुणी म्हणणार नाही, असा सदस्य पुढे असणं म्हणजे निम्मं काम झाल्यासारखंच. ९ मे २०१३ रोजी राज्यपाल रॉबर्ट बेंटली यांची सही झाली आणि कायदा त्याच क्षणी लागू झाला. मिसिसिपीत सही मार्चमध्येच झाली होती, पण तिथला कायदा १ जुलैपासून अमलात आला. म्हणून शेवटचं राज्य कोणतं याची दोन उत्तरं ऐकायला मिळतात.

कायद्यात मिळालं काय? तीन महिन्यांत १५ गॅलन, म्हणजे साधारण ५७ लिटर. बिअर, मीड (मधाची वाइन), सायडर (सफरचंदाची) आणि टेबल वाइन सगळं धरून. वय २१ पूर्ण हवं. विक्री नाही. दारूबंदीच्या भागांत नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना नाही. केंद्राची मर्यादा वर्षाला १०० गॅलनची असताना आपण वर्षाच्या ६०वर का समाधान मानायचं, असा वाद आमच्यात बराच झाला. माझं मत तेव्हाही हेच होतं की घ्यावं. घरगुती घाणा साधारण ५ गॅलनचा असतो, म्हणजे तिमाहीला तीन घाणे. नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढे पुरतात. आणि 'हे विकायला करणार' या आरोपाला तो आकडाच उत्तर देतो. दारूबंदीच्या काउंट्या वगळल्याने तिथल्या प्रतिनिधींना विरोध करायचं कारण उरलं नाही. तिथल्या छंदिष्टांवर अन्याय झाला हे खरं, पण त्यांना धरून बसलो असतो तर कुणालाच काही मिळालं नसतं.

फोनबद्दल थोडं, कारण लोक याला कमी लेखतात. हाउसचा एक मतदारसंघ तेव्हा साधारण ४५,००० लोकसंख्येचा होता. एकाच विधेयकासाठी तिथल्या मतदारांचे थोडे फोन आले तरी कार्यालयात त्याची नोंद होते. पहिलं वाक्य 'मी तुमच्या मतदारसंघात राहतो', मग पत्ता, मग विधेयकाचा क्रमांक, मग 'याच्या बाजूने मत द्या' आणि आभार. फोन घेणारी बाई फक्त नाव, पिनकोड आणि बाजूने की विरोधात एवढंच लिहून घेते. बिअरचं कौतुक तिथे करू नये. आणि राज्याबाहेरच्या मित्रांना फोन करायला सांगू नये, त्याने नुकसानच होतं.

आता महाराष्ट्र. मादक मद्य हा विषय आपल्याकडेही राज्यसूचीत आहे, आठव्या क्रमांकाच्या नोंदीत. म्हणजे लढाई दिल्लीत नाही, मुंबईत आणि नागपूरच्या अधिवेशनात आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि त्यात 'घरच्यापुरतं' असा अपवाद नाही. म्हणून पहिली सूचना ही की बदल होईपर्यंत तुमच्या गटातल्या कुणीही घरी बिअर करू नये. पुढे निवेदन घेऊन जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच येईल.

आमदाराकडून अशासकीय विधेयक आणावं असं तुम्ही सुचवलं आहे. त्यातून चर्चा होईल, पण अशी विधेयकं आपल्याकडे क्वचितच संमत होतात. मला दुसरा रस्ता जास्त बरा वाटतो. या कायद्यातच राज्य सरकारला नियम करण्याचे आणि आदेशाने सूट देण्याचे अधिकार आहेत. पुण्यात मायक्रोब्रुअरी आल्या त्या परवान्याच्या नियमांतून आल्या, मूळ कायदा मोडीत काढून नव्हे. तेव्हा उत्पादन शुल्क विभागाकडे मर्यादित घरगुती परवान्याचा नियम मागा. वार्षिक नोंदणी, ठरावीक लिटर, गाळण्यावर संपूर्ण बंदी, विक्रीवर संपूर्ण बंदी.

तुमच्या वाटेवर चर्च नसेल, पण दोन गोष्टी असतील. एक म्हणजे मालवणीसारख्या दुर्घटनांची आठवण. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथे मारक ठरलं ते मिथेनॉल, आणि ते माल्ट आंबवून केलेल्या बिअरमधून आलेलं नव्हतं. हा फरक विभागाला माहीत असतो, पण आमदाराला तो तुम्हीच समजावून सांगायचा आहे, आणि तो सांगताना मेलेल्यांचा मान राखून बोलायचं. दुसरी गोष्ट गावोगावच्या बायांची. गावच्या मतदानात आडवी बाटली करण्यासाठी, म्हणजे दारूच्या दुकानाविरुद्ध मत देण्यासाठी, रांगेत उभं राहून ज्यांनी दुकानं बंद पाडली त्या तुमच्या शत्रू नाहीत. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे मसुद्यातून स्वतःहून वगळा आणि ज्या गावाने मतदान करून दुकान बंद केलं तिथेही ही सवलत नको, असं कलम तुम्हीच लिहून द्या. कुणी मागण्याआधी.

'हे परदेशी खूळ आहे' असं कुणी म्हणालं तर शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडकडे बोट दाखवा. तिथे आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत मोहाची दारू करण्याची सूट मिळत आलेली आहे. फक्त तो हक्क आणि शहरातला छंद एका तराजूत घालू नका. त्यांचा तो जगण्याचा आणि देवाधर्माचा भाग आहे. दाखला एवढ्यापुरताच की घरगुती वापराची वेगळी वर्गवारी भारतीय कायद्याला नवी नाही.

मसुदा लिहिताना एक कलम विसरू नका, ते म्हणजे घराबाहेर नेण्याचं. ओरेगॉनमध्ये घरी बिअर करणं कित्येक वर्षं कायदेशीर होतं. पण २०१०मध्ये लक्षात आलं की कायद्याच्या शब्दांप्रमाणे ती घराबाहेर न्यायलाच परवानगी नाही, आणि राज्याच्या जत्रेतली स्पर्धा रद्द करावी लागली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला तेव्हा ते सुटलं. तेव्हा 'स्पर्धा, प्रदर्शन किंवा खाजगी भेटीसाठी, मोबदला न घेता, बंद बाटलीत अमुक लिटरपर्यंत नेता येईल' हे पहिल्याच मसुद्यात हवं. लिटरचा आकडा काय ठेवताय ते कळवा, आणि मसुदा तयार झाला की पाठवा, मी कलमवार वाचून देईन.