इतकी विरळ धूळ सौरवाऱ्याचे चुंबकीय क्षेत्र कसे अडवू शकते?

आपला प्रश्न असा आहे की ग्रहांमधील धूळ अतिशय विरळ असताना तिच्यामुळे सौरवाऱ्यातील (सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहातील) चुंबकीय क्षेत्र काही काळ वाढते, हे कसे शक्य आहे. ही शंका रास्त आहे, कारण सर्वत्र पसरलेली नेहमीची धूळ, म्हणजे अंधाऱ्या आकाशात राशिचक्रीय प्रकाशाच्या (धुळीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या फिकट पट्ट्याच्या) रूपाने दिसणारी, खरोखरच हे काम करू शकत नाही. ज्या घटनांबद्दल आपण वाचले असावे त्यांना आंतरग्रहीय क्षेत्रवृद्धी म्हणता येईल. अवकाश-भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात शुक्राभोवती फिरणाऱ्या पायोनियर व्हीनस यानाच्या नोंदींमध्ये त्या प्रथम ओळखल्या. क्षेत्राची तीव्रता हळूहळू वाढत टोकदार शिखर गाठते, शिखराजवळ क्षेत्राची दिशा एकाएकी बदलते आणि मग तीव्रता पुन्हा उतरते. हा सारा प्रकार काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालतो.

रसेल यांचे म्हणणे असे की अवकाशात दोन खडक सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने एकमेकांवर आदळले की त्यांचा अतिसूक्ष्म भुगा होतो. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे कणांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि कण धनभारित होतात. येथे आकाराला फार महत्त्व आहे. कणाचे विद्युत विभव साधारण सारखेच, म्हणजे काही व्होल्ट, राहत असल्याने त्याचा भार त्रिज्येच्या प्रमाणात बदलतो, पण वस्तुमान त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून कण शंभरपट लहान झाला की भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर दहा हजारपट वाढते. मायक्रॉनभर आकाराचा कण सूर्याचे गुरुत्वाकर्षण मानतो, तर काही नॅनोमीटरचा कण चुंबकीय क्षेत्राच्या ओढीला सापडतो. ही ओढ दुतर्फा असते, कारण सौरवाऱ्यातील क्षेत्ररेषा त्याच्या प्लाझ्माशी (विद्युतभारित वायूशी) जखडलेल्या असल्यामुळे वारा या धुळीच्या ढगाला पुढे खेचतो आणि ढगाच्या भाराने वारा तेथे मंदावतो. मागून येणाऱ्या क्षेत्ररेषा मग ढगावर साचतात आणि त्याच्याभोवती गुंडाळल्या जातात. धूमकेतूच्या शेपटीसाठी हीच कल्पना भौतिकशास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांनी १९५७ मध्ये मांडली होती.

किती धूळ लागेल, याचा ढोबळ हिशेब मी करून पाहिला. पृथ्वीच्या कक्षेजवळ सौरवारा सेकंदाला सुमारे ४०० किमी वेगाने वाहतो आणि त्यातील क्षेत्र सुमारे ५ नॅनोटेस्ला असते. ते दुप्पट होऊन १० नॅनोटेस्ला झाले, तर चुंबकीय दाबातील फरक अवघा ०.०३ नॅनोपास्कल भरतो. एवढासा दाब म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण एक लाख किलोमीटर रुंद आणि तितक्याच उंच पट्ट्यावर तो सुमारे तीन लाख न्यूटन बल देतो, आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हे बल सुमारे पाच कोटी किलो वस्तुमान तोलून धरू शकते. घनतेचा विचार करता तीस-पस्तीस मीटर व्यासाच्या खडकाचे वस्तुमान साधारण एवढेच असते. म्हणजे तीव्र वाढीसाठी बऱ्यापैकी मोठी धडक हवी, आणि तिचा बराचसा भाग नॅनोकणांत बदलायला हवा. मला या कल्पनेतील हीच कडी सर्वांत नाजूक वाटते.

धुळीच्या कल्पनेच्या बाजूचा पुरावा मात्र रोचक आहे. शुक्राच्या कक्षेच्या आत शिरणारा २२०१ ओल्जाटो हा लघुग्रह जवळून जात असताना पायोनियर व्हीनसला अशा घटना अधिक दिसल्या, आणि त्या लघुग्रहाच्या पुढेही होत्या व मागेही. यावरून त्याच्या कक्षेत दगडांचा माग असावा असा तर्क निघाला. २००६ ते २०१४ दरम्यान शुक्राभोवती असलेल्या व्हीनस एक्सप्रेस यानाला तेथे तशी वाढ आढळली नाही. तो ढिगारा दरम्यान विरून गेला असावा, असे या कल्पनेचे समर्थक म्हणतात.

दुसरीकडे, २०१८ मध्ये निघालेल्या पार्कर सोलर प्रोब या सूर्याजवळ जाणाऱ्या यानाच्या मोजमापांतून जवळपास अशाच आकृतीची वेगळी उपपत्ती पुढे आली आहे: दोन चुंबकीय नळ्या (क्षेत्ररेषांच्या जुड्या) एकमेकींत अडकतात, त्यांच्यामध्ये क्षेत्र दाबले जाते आणि सीमेवर विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा तयार होतो. यात धुळीची गरजच नाही. म्हणून एखाद्या नोंदीत टोकदार शिखर दिसले की लगेच धूळ म्हणणे मला घाईचे वाटते. दोन्ही बाजूंच्या क्षेत्ररेषा वेगवेगळ्या प्रदेशांतून आल्या आहेत का, हे त्यांच्यासोबत वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या दिशेवरून आधी तपासले पाहिजे.