मॅपिंग कोणाच्या मालकीचे? फ्रेम रिले सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्यास पत्र

प्रिय सहकारी,

स. न. वि. वि.

फ्रेम रिले राउटरवरील डायनॅमिक मॅपिंग आपोआप तयार होत असतील, तर ती ‘सांभाळायची’ म्हणजे नेमके काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. फ्रेम रिले ही दूरची ठिकाणे स्विचच्या जाळ्यातून जोडण्याची पद्धत, सर्किट म्हणजे त्यातली दोन राउटरमधली आभासी जोडणी, आणि मॅपिंग म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या सर्किटवरून गाठायचा याची राउटरमधली नोंद. राउटर स्वतः शिकतो ते डायनॅमिक मॅपिंग, आपण हाताने लिहितो ते स्थिर. थोडक्यात उत्तर असे की प्रत्येक सर्किटवरील मॅपिंग राउटरने शिकायचे की आपण लिहून द्यायचे, याचा निर्णय सर्किटगणिक करावा लागतो आणि तो पाळावा लागतो. बहुतेक बिघाड हा निर्णय अर्धवट राहिल्याने होतात.

आधी मॅपिंग कसे जन्माला येते ते पाहू. मी सिस्कोच्या राउटरचे वर्तन धरून लिहीत आहे. राउटर आणि फ्रेम रिले स्विच यांच्यात एलएमआयचा, म्हणजे सर्किटांची स्थिती कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, संवाद चालतो. नेहमीच्या मांडणीत राउटर दर १० सेकंदांनी चौकशी करतो आणि प्रत्येक सहाव्या चौकशीत सर्व सर्किटांची संपूर्ण स्थिती मागतो. त्यातून त्याला डीएलसीआय, म्हणजे सर्किटांचे ओळखक्रमांक, समजतात आणि कोणते सर्किट चालू आहे तेही समजते, पण पलीकडच्या राउटरचा आयपी पत्ता मात्र समजत नाही. म्हणून सर्किट चालू झाले की राउटर त्यावर इन्व्हर्स एआरपीची विनंती पाठवतो. लॅनवरच्या (स्थानिक नेटवर्कवरच्या) एआरपी या पत्ते शोधण्याच्या पद्धतीत आयपी पत्ता माहीत असतो आणि हार्डवेअर पत्ता शोधायचा असतो. इथे डीएलसीआय हाती असतो आणि आयपी पत्ता हवा असतो. ही इन्व्हर्स एआरपीची पद्धत १९९२ साली आरएफसी १२९३ या इंटरनेट पद्धतींच्या दस्तऐवजात मांडली गेली आणि १९९८ साली आरएफसी २३९० ने तिची जागा घेतली. विनंतीचा ऑपरेशन कोड ८ आणि उत्तराचा ९ असतो, एवढे लक्षात ठेवले तर पॅकेट कॅप्चर वाचताना गोंधळ होत नाही.

डीएलसीआयचा अर्थ केवळ त्या टोकापुरता असतो. हबकडून (मधल्या मुख्य राउटरकडून) १०२ वर निघालेली फ्रेम स्पोककडे (त्याला जोडलेल्या शाखेच्या राउटरकडे) २०१ वर पोहोचू शकते. त्यामुळे विनंती पाठवणाऱ्याला पलीकडचा क्रमांक ठाऊक नसतो आणि घेणारा राउटर तो आलेल्या फ्रेमच्या हेडरमधूनच काढून घेतो. म्हणून मॅपिंग नेहमी ‘पलीकडचा आयपी, अलीकडचा डीएलसीआय’ असेच वाचावे. नवखी माणसे हाताने मॅपिंग लिहिताना पलीकडचा डीएलसीआय टाकतात आणि मग वाट पाहत बसतात.

‘शो फ्रेम-रिले मॅप’ चालवल्यावर दिसणारी एक ओळ सावकाश वाचू. समजा, आयपी १०.१.१.२ समोर डीएलसीआय १०२ आहे आणि कंसात दोन हेक्स आकडे आहेत, ०एक्स६६ आणि ०एक्स१८६०. पहिला म्हणजे १०२ चेच हेक्स रूप. दुसरा म्हणजे तोच क्रमांक फ्रेमच्या दोन बाइटांच्या हेडरमध्ये जसा बसतो तसा: डीएलसीआयचे १० बिट ६ आणि ४ असे विभागले जातात, म्हणून आकडा वेगळा दिसतो. पुढे ‘डायनॅमिक’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ हे शब्द येतात आणि शेवटी ‘ॲक्टिव्ह’ ही सर्किटची स्थिती. यातला ‘ब्रॉडकास्ट’ शब्द दुर्लक्षित राहतो. डायनॅमिक मॅपिंगला तो आपोआप मिळतो, स्थिर मॅपिंगमध्ये मात्र तो आपल्याला लिहावा लागतो. तो विसरला की पिंग व्यवस्थित चालते, पण राउटिंग प्रोटोकॉलचे ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट संदेश जात नाहीत, आणि दोष मॅपिंगमध्ये असताना माणूस ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलची मांडणी उकरत बसतो.

आता ज्या जागी सर्वाधिक लोक अडखळतात तिथे येतो. एक हब आणि दोन स्पोक एकाच सबनेटमध्ये आहेत असे समजा: हब १०.१.१.१, स्पोक १०.१.१.२ आणि १०.१.१.३. स्पोकमधून फक्त हबकडेच सर्किट जाते. इन्व्हर्स एआरपी त्या सर्किटच्या दुसऱ्या टोकापुरतीच चालते आणि हब ती पुढे पाठवत नाही, त्यामुळे पहिल्या स्पोकला दुसऱ्याचा पत्ता कधीच कळत नाही. उपाय म्हणून पहिल्या स्पोकवर १०.१.१.३ साठी डीएलसीआय २०१ असे स्थिर मॅपिंग लिहितात, दुसऱ्यावर तसेच उलट लिहितात, आणि दोन्ही स्पोक एकमेकांशी बोलू लागतात. सगळे खूश. पण एखाद्या डीएलसीआयवर एखाद्या प्रोटोकॉलसाठी स्थिर मॅपिंग दिले की त्या डीएलसीआयवर त्या प्रोटोकॉलपुरती इन्व्हर्स एआरपी बंद होते. हबचे आधी शिकलेले मॅपिंग टेबलमध्ये टिकून राहू शकते, म्हणून काहीच बिघडलेले दिसत नाही. पुढे कधीतरी वीज जाते किंवा राउटर रीलोड होतो, ते शिकलेले मॅपिंग पुसले जाते, नवे शिकले जात नाही, आणि स्पोकला हबच सापडत नाही. बदल करणारा तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो आणि त्या दिवशी कोणी कॉन्फिगरेशनला हात लावलेला नसतो. म्हणून ज्या सर्किटवर एक स्थिर मॅपिंग लिहाल, त्या सर्किटमागचे सगळे पत्ते, हबचा पत्ताही, स्थिरच लिहा. अशा वेळी ‘ब्रॉडकास्ट’ मात्र एकाच मॅपिंगला द्या, नाहीतर त्याच सर्किटवरून त्याच संदेशाच्या दोन प्रती जातील. बदल झाल्यावर, परवानगी असेल तर, राउटर एकदा रीलोड करून पाहा. ते शक्य नसेल तर ‘क्लिअर फ्रेम-रिले इनएआरपी’ देऊन शिकलेली मॅपिंग पुसा आणि काय परत येते ते पाहा. दोन्ही गोष्टी कामाच्या वेळेबाहेर कराव्यात, हे वेगळे सांगायला नको.

इन्व्हर्स एआरपी बंद करण्याचा आदेश नव्या विनंत्या थांबवतो, शिकलेली मॅपिंग पुसत नाही. आणि विनंती पाठवणे थांबले म्हणून आलेल्या विनंतीला उत्तर देणेही थांबले असे समजू नका. दोन्ही टोकांना बंद करा, शक्यतो इंटरफेस बंद असतानाच करा आणि मग इंटरफेस चालू करा. टेबलमध्ये ०.०.०.० असे मॅपिंग दिसले तर ते राउटरने स्वतःची मांडणी आपोआप मिळवण्याच्या प्रयत्नातून उरलेले असू शकते. मांडणी जतन करून रीलोड केल्यावर ते जाते. मल्टिपॉइंट इंटरफेसवर (ज्या एकाच इंटरफेसमागे अनेक सर्किट असू शकतात त्यावर) राउटर स्वतःच्याच आयपीला पिंग करू शकत नाही, कारण त्या पत्त्याचे मॅपिंगच नसते. त्यावरून घाबरून तक्रार नोंदवू नका.

हे वाचून डायनॅमिक मॅपिंग सरसकट बंदच करावे असा निष्कर्ष काढू नका. स्थिर मॅपिंग आपली समजूत सांगते, डायनॅमिक मॅपिंग पलीकडून आलेले उत्तर सांगते. सर्किट चुकून भलत्याच ठिकाणी जोडले गेले, तर स्थिर मॅपिंग निमूटपणे जुनाच पत्ता दाखवत राहील, डायनॅमिक मॅपिंगमध्ये मात्र अनोळखी पत्ता दिसेल. नवे सर्किट सुरू करताना मी म्हणूनच आधी राउटरला शिकू देतो, पलीकडे कोण आहे ते पाहतो आणि गरज असेल तरच स्थिर मॅपिंग लिहितो. इन्व्हर्स एआरपीमध्ये ओळख तपासण्याची सोय नाही, जो उत्तर देतो त्याचे राउटर मानतो. तेवढे भान ठेवून ती वापरावी.

नवी मांडणी तुमच्या हातात असेल, तर प्रत्येक सर्किटला स्वतंत्र पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस (एका इंटरफेसचा, एकाच सर्किटसाठीचा तार्किक भाग) आणि स्वतंत्र सबनेट द्या. तिथे पलीकडे एकच राउटर असतो, त्यामुळे मॅपिंगची गरजच उरत नाही, आणि स्पोकमधील वाहतूक राउटिंगने हबमार्गे जाते. मोबदल्यात जास्त सबनेट खर्च होतात, पण लहान सबनेटांनी ते भागते. मात्र सबइंटरफेसचा प्रकार सुरुवातीलाच नीट ठरवा, कारण एकदा मल्टिपॉइंट केलेला सबइंटरफेस पुढे त्याच क्रमांकाने पॉइंट-टू-पॉइंट करायचा तर तो काढून राउटर रीलोड करावा लागतो.

तुमच्या तिन्ही राउटरवरील ‘शो फ्रेम-रिले मॅप’चा निकाल आणि इंटरफेसची मांडणी पाठवलीत, तर कोणते सर्किट कोणत्या पद्धतीने ठेवावे ते पुढच्या पत्रात एकेक करून लिहीन.

कळावे, लोभ असावा.