ॲबसिंथ (बडीशेप आणि इतर वनस्पतींच्या स्वादाचं कडक मद्य) नेमकी कशी प्यायची? साखर पेटवून घ्यायची का?

पेटवू नका, अगदी मनापासून सांगतो. साखर जाळण्याची पद्धत १९९०च्या दशकात चेक प्रजासत्ताकातल्या बारमधून पसरली. त्यात साखर करपते, वनस्पतींचा नाजूक सुगंध मरतो आणि इतकं कडक मद्य भडकण्याचा धोका वेगळाच.

जुनी फ्रेंच पद्धतच उत्तम. ग्लासात ३० मिली ॲबसिंथ घ्या, वर जाळीचा चमचा आडवा ठेवा, त्यावर साखरेचा खडा. मग बर्फासारखं गार पाणी थेंब थेंब सोडा, मद्याच्या तिप्पट ते पाचपट. इथे घाई अजिबात नको. बडीशेपेतलं ॲनेथोल हे तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. त्यामुळे पाणी वाढलं की पेय हळूहळू दुधाळ होतं. याला ‘लूश’ म्हणतात. ते होताना बघणं आणि सुटणारा वास घेणं यातच निम्मी मजा आहे!

साखर ऐच्छिक आहे. स्वच्छ, रंगहीन स्विस ॲबसिंथ पुष्कळजण नुसत्या गार पाण्याबरोबर घेतात, मलाही तीच आवडते. साझरॅक या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये तर ग्लास फक्त ॲबसिंथने विसळतात.

पाणी न घालता मात्र पिऊ नका. अल्कोहोल साधारण ४५ ते ७४ टक्के असतं. ॲबसिंथने भास होतात असं म्हणतात, पण तसं काही होत नाही, चढते ती दारूच.