गट सुरू करतोस तर

प्रिय भाऊ,

अनेक आशीर्वाद. अमळनेरात शुभार्थींचा, म्हणजे मानसिक आजारातून जाणाऱ्यांचा, स्वमदत गट सुरू करायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. जळगाव-धुळ्याला मानसोपचारतज्ज्ञ आहेत, सिव्हिलमध्ये गोळ्या मिळतात. पण "आज आंघोळीलाही उठवलं नाही" असं ज्याला न लाजता सांगता येईल, असा माणूस तालुक्याच्या गावी सापडत नाही. गोळीने झोप येते, भास थांबतात. त्यानंतरचे रिकामे दिवस कसे काढायचे, हे मात्र त्यातून गेलेल्यालाच ठाऊक असतं.

आपल्याला काय अधिकार, असं तू विचारलंस. पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे आपल्या धुळ्याकडचे. कॅनडात ते संख्याशास्त्र शिकवायचे, वैद्यक नव्हे. पत्नीच्या आजारपणात जे सोसलं, शिकलं, त्यातून त्यांनी हे काम उभं केलं. तू तर स्वतः आजारातून आलास, तेवढा अधिकार पुरे.

मात्र त्या अधिकाराची हद्द नीट ओळख. बरं झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त मोह होतो तो "मी केलं तसं कर" म्हणण्याचा. एखादा सांगेल, मी वर्षभराने गोळी सोडली, मला काही झालं नाही. ऐकणाऱ्यांपैकी दोघं घरी जाऊन गोळी बंद करतील आणि महिन्याभरात त्यांतला एक पुन्हा रात्र-रात्र जागा राहील. म्हणून पहिल्या बैठकीपासून सवय लाव: प्रत्येकाने "माझं असं झालं" एवढंच बोलायचं. "तू असं कर" हे वाक्य गटात नको. औषध वाढवणं, कमी करणं, बदलणं हे डॉक्टरांकडेच.

औषधाबद्दल बोलूच नये, असं मात्र नाही. आपल्याकडचा वैशाख तुला माहीत आहे, भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणारा माणूस त्या उन्हात शेतात राबला, घाम गेला, पोटात पाणी-मीठ कमी पडलं, की रक्तातलं लिथियम वाढतं. अंगदुखीसाठी मेडिकलवरून मनाने आणलेल्या ब्रुफेनसारख्या गोळीनेही ते वाढू शकतं. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं ही त्याची लक्षणं. मार्च उजाडला की हे गटात सांगायचंच. आणि कुणात असं दिसलं तर चर्चा करत बसायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जागा दवाखान्यातली घेऊ नकोस, मंदिरातलीही नको. वाचनालयाची मागची खोली मिळाली तर उत्तम, तिथे गेलेल्याला "कुठे चालला?" म्हणून कुणी अडवत नाही. आपल्या गावात आडनाव सांगितलं की आजोबांपर्यंत ओळख निघते, आणि घरात आजार आहे असं कळलं की बहिणीचं लग्न अडतं. त्यामुळे हजेरीवही नको, फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅपवर नावं नकोत. कुणी वर्तमानपत्रात बातमी देतो म्हणाला तर गोडीने नाही म्हण.

बायका सुरुवातीला येणार नाहीत. त्यांना घराबाहेर पडायला कारण लागतं, म्हणून बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी ठेव. येतील त्या कोपऱ्यात गप्प बसतील. तू प्रमाण मराठीत "आपण आपला अनुभव मांडा" म्हणालास तर पुढच्या खेपेला दिसणारही नाहीत. "बहीण, रातले झोप लागस का?" एवढं विचार आणि थांब. पुष्कळ वेळ थांबावं लागेल, ती शांतता भरून काढायची घाई करू नकोस.

कुणी भगताकडे जाऊन आल्याचं सांगेल. त्यावर वाद घालू नकोस. दोरा बांधलेला असू दे, गोळीही चालू राहू दे. खिल्ली उडवलीस तर ती बाई दोऱ्यासकट निघून जाईल आणि गोळी सुटेल.

आता सगळ्यात जड गोष्ट. गटातलं गटात राहतं, याला एकच अपवाद: जिवाचा धोका. कुणी मरणाची भाषा केली तर सरळ, स्पष्ट शब्दांत विचार, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, दवाखान्यात न्यायचं. कापूस पिकवणाऱ्यांच्या घरात फवारणीच्या औषधाची बाटली पलंगाखालीच असते. ती त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात गेली पाहिजे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात लाव. तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीही.

गट जरा रुळला की एक बैठक कायद्यासाठी ठेव. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुढे आजार उसळला तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. ज्यांना बांधून, ओढत नेलं गेलंय, त्यांना हा कागद लिहिताना काय वाटतं ते तू स्वतः बघशील.

स्वतःचं जप. झोप मोडून कुणाचे फोन घेऊ नकोस. तुझा आजार झोपेवरच टपलेला असतो. खोलीची किल्ली पहिल्यापासून आणखी दोघांकडे दे. तू महिनाभर आला नाहीस तरी बैठक झाली पाहिजे, कारण एखाद्या महिन्यात तुलाही समोर बसून नुसतं बोलायची गरज पडेल, आणि तेव्हा बाकीचे तुझं ऐकतील.

दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू असते, माणसं कमी येतील. दोघं आले तरी बैठक घे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात मात्र ठेवू नकोस, बाया माहेरी गेलेल्या असतात. पहिली तारीख ठरली की कळव. मी सकाळच्या गाडीने येईन.

तुझी,
मावशी