ज्येष्ठांचं केंद्र: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मंगळवार पेठेतल्या आमच्या विरंगुळा केंद्रात दर सोमवारी सकाळी बीपी तपासतो. एकाच माणसाचे दहा मिनिटांत दोन आकडे येतात, कधी 20-25 चा फरक. मशीन बदलायचं का?

उत्तर: आधी पद्धत बदला. रंकाळ्याला फेरी मारून, जिना चढून आलेला माणूस गप्पा मारत टेबलाशी बसला, तर मशीन कितीही चांगलं असो, आकडा वरच येणार. तपासणीआधी अर्धा तास चहा, तंबाखू, चालणं नको. लघवी तुंबलेली असली तरी बीपी चढतं, म्हणून आधी जाऊन यायला सांगा. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा. हात टेबलावर, दंडावरचा पट्टा छातीच्या उंचीला हवा. हात खाली मांडीवर राहिला तर आकडा फुगतो. पट्टा उघड्या दंडावरच बांधा. घट्ट बाही वर गुंडाळली तर ती दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढलेला बरा.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते पट्ट्याच्या मापाकडे. शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत बहुतेक वेळा 22 ते 32 सें.मी. घेराचा पट्टा येतो. 35 सें.मी.च्या दंडाला तो बांधला की ज्याला त्रास नाही त्याचंही बीपी वाढलेलं दिसतं. मोठा पट्टा वेगळा मिळतो. तो मशीनच्याच कंपनीचा घ्या.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. दोन आकड्यांत 10 पेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा मोजा. पहिल्या वेळी दोन्ही हात तपासून ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम ठेवा. वहीत तारीख, वेळ, कोणता हात आणि सकाळची गोळी घेतली की नाही, एवढं हवंच.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते असं जे सांगतात, त्यांचं बीपी बसून मोजल्यावर उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजा, शेजारी एक माणूस उभा ठेवून. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर वही घेऊन डॉक्टरांकडे पाठवा. म्हातारपणी पडण्यामागचं हे मोठं कारण, आणि तपासणी शिबिरांत ते क्वचितच पाहिलं जातं, याची आम्हाला खरोखर खंत आहे. आकडा 180/120 च्या वर गेला तर शांत बसवून पाच मिनिटांनी परत मोजा. तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, धाप, जीभ जड होणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही असेल तर वाट न बघता 108 ला फोन करा. गोळी कमी-जास्त करण्याचा सल्ला केंद्रात कुणीही देऊ नये.

प्रश्न: आमच्याकडे कॅरम आहे, पेपर आहेत, भजन होतं. तरी महिला फिरकत नाहीत. शिवाय गेल्या पावसाळ्यात दोघे सभासद हॉलमध्येच घसरले.

उत्तर: महिला का येत नाहीत, हे त्यांनाच घरी जाऊन विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तरं तीन असतात. सकाळची वेळ पाण्याची आणि नातवंडांच्या डब्याची असते. दुपारी चार ते सहा ठेवा. स्वच्छतागृहाला नीट कडी नसते. बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवा, म्हणजे आत कुणाला चक्कर आली तरी दार तोडावं लागत नाही. आणि भजन सतरंजीवर होतं. गुडघे दुखणारी बाई एकदा खाली बसते, उठताना चौघींचा आधार घेते आणि पुन्हा येत नाही. हात टेकायला दांड्या असलेल्या, साधारण 45 सें.मी. उंचीच्या खुर्च्या गोल मांडा. केंद्राची एक किल्ली महिला सभासदाकडे द्या. किल्लीसाठी रोज कुणाच्या तरी दारात जावं लागलं की उत्साह टिकत नाही.

घसरण्याचं कारण बहुधा कॅरमची पावडर. बोरिक पावडर बोर्डावरून गुळगुळीत फरशीवर सांडते, ती पटकन दिसत नाही, आणि जुलैच्या पावसात ओल्या पायांनी माणूस त्यावर पाय ठेवतो. बोर्ड येण्याजाण्याच्या वाटेतून कोपऱ्यात हलवा, खाली कडा न उचलणारी रबरी मॅट घाला आणि खेळ संपल्यावर ओल्या व मग कोरड्या फडक्याने फरशी पुसा. दाराशी चपला काढायला खुर्ची ठेवा. एका पायावर उभं राहून पट्टा सोडवतानाही तोल जातो.

प्रश्न: हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे उमटत नाहीत. केंद्रात काही सोय करता येईल का?

उत्तर: जरूर. वयामुळे आणि कष्टामुळे बोटांवरच्या रेषा झिजतात, म्हणून चेहऱ्याची पद्धत वापरा. एका चांगल्या स्मार्टफोनवर 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप घ्या. आधी फोन हाताळणाऱ्या स्वयंसेवकाची आधारवरून ओळख पटवून घ्यावी लागते. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, मोबाइल, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि बँक खातं भरायचं. फोटोच्या वेळी उजेड चेहऱ्यावर हवा; खिडकीकडे पाठ असली तर चेहरा काळवंडतो आणि ॲप पुन्हा पुन्हा नाकारतं. डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. पीपीओचा एक अंक चुकला तरी दाखला तयार होतो, पण पेन्शन देणारं कार्यालय तो नाकारतं. म्हणून मूळ कागद समोर ठेवूनच भरा आणि दाखला स्वीकारल्याचा मेसेज येईपर्यंत वहीत नाव 'बाकी' ठेवा. बहुतेकांना तो नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरील पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) पेन्शनचा दाखला वर्षात कधीही द्या, तो त्या तारखेपासून वर्षभर चालतो. त्यांची नोव्हेंबरच्या गर्दीतून सुटका करा.

प्रश्न: सहलीला एसटीने निपाणीकडे जायचंय. सवलत मिळेल ना?

उत्तर: 75 पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आणि 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. कागलच्या पुढे हद्द संपते, तिथून निपाणीपर्यंतचं भाडं सगळ्यांनी धरावं. कर्नाटकच्या गाडीत आणि कोल्हापूरच्या शहर बसमध्ये, म्हणजे केएमटीत, ही एसटीची सवलत चालत नाही. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड ज्याचं त्याच्या खिशात असू द्या. सगळ्यांची कार्डं एकाच पिशवीत ठेवली आणि ती पिशवी मागच्या गाडीत राहिली तर कंडक्टर पूर्ण भाडं मागणारच.